ओटीला लावलेला होडीचा रंग

गेल्या महिन्यात रंगाऱ्याने आमच्या ओटीची भिंत पात्याने खरवडली आणि माझी पन्नास वर्षं झाकलेली अब्रू बाहेर आली.

वरचा पांढरा निघाला, त्याखालचा बदामी निघाला, बदामीखालचा पोपटी तर नुसत्या फुंकरीने उडाला. मग निळा लागला. तो हलेना. रंगाऱ्याने पातं बदललं, जोर लावला, मग कपाळ पुसून म्हणाला की हा रंग कोणी आणि कशाला लावला, घराला असला रंग कुणी लावत नाही, आणि म्हणूनच याच्यावर दुसरा कुठलाही रंग टिकत नाही. नातसूनबाई माझ्याकडे वळून बघायला लागल्या. माझ्या हातात जपमाळ नव्हती, तरी मी जप चालल्यासारखे ओठ हलवले.

नातसून आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली. माहेर तिचं एव्हरशाईन सिटीतलं. म्हणजे लांबून आली असं नाही, पण चौथ्या मजल्यावरून आली. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते, आणि तिच्या मीटिंगमध्ये मागून कोंबडी ओरडली की तिकडची माणसं हसतात म्हणे. मे महिन्यात तिचे आईवडील पहिल्यांदाच चार दिवस राहायला यायचे होते. त्याआधी ओटी जरा नीट करू या, हे तिच्या डोक्यात आलं. पैसे बेताचेच होते, म्हणून तिने फोनवर बघून बघून बेत केला होता: एक भिंत रंगवायची, जुन्या बाकाला पॉलिश, केळीच्या घडांच्या टोपल्यांत कुंड्या. "आईला वाटायला नको की..." एवढंच ती मला म्हणाली आणि थांबली. पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. ते वाक्य मी तिच्या जन्माच्या आधी पुरं करून ठेवलं होतं.

म्हणून मग तिला सगळं सांगावं लागलं. तुम्हालाही सांगते.

माझं माहेर गिरगावातलं, दोन खोल्यांचं. लग्न होऊन मी विरारच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे या वाडीत आले. वाडी म्हणजे फुलांची, केळीची, पानवेलीची. घर मोठं, पण घर कसलं, कारखानाच. पहाटे मोगरा खुडायचा, कळ्या ओटीवर आणायच्या, ओल्या फडक्यावर पसरायच्या, लहानमोठ्या निवडायच्या आणि दुपारच्या गाडीने टोपल्या दादरला पाठवायच्या. आजूबाजूच्या पाचसहा बायका निवडायला यायच्या. त्यांच्या मध्ये, दाराच्या डाव्या हाताला, पाटावर माझ्या सासूबाई. तिथून त्यांना रस्ता दिसायचा. कोण कुठे चाललंय, कुणाच्या हातात पिशवी आहे, पिशवीत काय असेल, हे सगळं हात न थांबवता बघायच्या. त्यांच्या डोक्याला भरपूर तेल असायचं, आणि ज्या भिंतीला त्या टेकायच्या तिथे त्या तेलाचा एक गोल डाग पडला होता. सूर्यासारखा. काळा सूर्य.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता कळतं त्याच्या चौपट तरी.

मला त्या डागाची शरम वाटायची. ओटीवरच्या चिखलाच्या पावलांची वाटायची, ओल्या फडक्यांची, केळीच्या सोपटांच्या ढिगाची वाटायची. ही सोपटं म्हणजे केळीच्या खोडाचे सुकवलेले पदर, त्यांच्या दोरीने गजरे बांधायचे. कारण काय, तर माझी ताई. माझी थोरली बहीण मुलुंडला दिली होती, बँकेतला नवरा, फ्लॅट, आणि फ्लॅटमध्ये सोफा. आमच्या अख्ख्या घराण्यात आलेला पहिला सोफा. माझं स्थळ ठरलं तेव्हा ताई आईला म्हणाली होती की हिला आयुष्यभर चिखलात पाय घालून राहावं लागणार. मला ऐकू येणार नाही असं तिला वाटलं होतं. दोन खोल्यांत कुणाला काय ऐकू येत नाही?

आणि त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत ताई दोन दिवस राहायला येते म्हणून पत्र आलं. मी ठरवलं, ताईने माझी कीव करता कामा नये. बाकी काही झालं तरी चालेल.

पैसे नव्हते. नवीन सुनेच्या हातात कुठून येणार? पण डोकं होतं, म्हणजे असा माझा समज होता. लग्नातली लोखंडी ट्रंक मी भिंतीशी लावली, तिच्यावर गोधडी, गोधडीवर चादर, आणि तिला दिवाण म्हणायला लागले. बसणाऱ्याला ट्रंकेची कडी टोचायची, पण दिसायला दिवाण. माझ्या दोन साड्या फाडून पडदे केले. त्यातली एक चांगली होती, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. फुलांची टोपली पालथी घालून तिपाई. सोपटांची दिव्यासाठी शेड विणली, तिच्यात आठ दिवसांत मुंग्यांनी संसार थाटला. जुन्या कॅलेंडरवरचा बर्फाचा डोंगर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि ठोकला. वाडीतल्या घरात बर्फ. बायका येता जाता त्याच्याकडे बघायच्या आणि मला विचारायच्या की हे तुझ्या माहेरकडचं का?

राहिली भिंत. रंगाचा डबा परवडणारा नव्हता. पण आमच्याकडे अर्नाळ्याहून एक कोळीण मासळी घेऊन यायची, तिच्याशी माझी गट्टी होती. तिच्या घरची होडी नुकतीच रंगवून झाली होती आणि अर्धा डबा उरला होता. तिने तो मला दोन डझन केळ्यांवर दिला. निळा, असा निळा की डोळे मिटले तरी दिसायचा.

"टिकेल ना गं भिंतीवर?" मी विचारलं.

"वर्षभर खाऱ्या पान्यात रवते होडी, तरी ह्यो जात नाय," ती म्हणाली. "तुज्या भिंतीवरून कुठं जानार?"

खरं बोलली बिचारी. डब्यातला रंग घट्ट झाला होता, म्हणून पातळ करायला काय घालू तेही तिलाच विचारलं. ती म्हणाली, टरपेंटाइन. ते विकत आणायला लागलं असतं. घरात रॉकेल होतं. मी रॉकेल घातलं. काटकसर.

सासूबाई दोन दिवस माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या, तेवढ्यात मी भिंत उरकली. काळा सूर्य पहिल्या हाताला गेला. नवऱ्याने बघितलं, छान आहे म्हणाले आणि वाडीत गेले ते जेवायलाच आले. सासूबाई परतल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाट उचलला, पुसला, जागेवर ठेवला आणि बसल्या. टेकल्या मात्र नाहीत. त्यांची घरची बोली मला तेव्हा अर्धीच कळायची आणि इथे ती मला नीट उतरवता येणार नाही, पण त्या दिवशी बोलीचा प्रश्नच आला नाही. त्या बोलल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंत हाताला कोरडी लागली, वाराही चांगला होता, म्हणून नेहमीसारखा मोगरा ओटीवर पसरला. दुपारी दादरला गेला. तिसऱ्या दिवशी टोपल्या परत आल्या.

जे मोगऱ्यात वाढले नाहीत त्यांना हे सांगावं लागतं, आणि मी गिरगावात वाढले होते. मोगऱ्याची ओली कळी जवळचा वास ओढून घेते. शेजारी हिंग ठेवलात तर हिंगाची होईल. म्हणून कळ्यांच्या खोलीत फोडणीची कढई नेत नाहीत, विडी ओढत नाहीत, कुणी नवी चप्पलसुद्धा काढत नाही. आमच्या घरातलं शेंबडं पोर हे जाणत होतं. ओटी इतकी उघडीवाघडी, रिकामी का ठेवलीय, तर यासाठी. मला वाटलं होतं यांना सजवायची हौस नाही.

व्यापाऱ्याचा निरोप टोपलीबरोबर आला होता. तुमच्या मोगऱ्याला होडीचा वास येतो.

मी रडायची तयारी करून बसले होते. कुणीतरी बोललं असतं तर लगेच रडून मोकळी झाले असते. पण सासूबाईंनी मूठभर कळ्या हुंगल्या, टोपलीत टाकल्या आणि बायकांना सांगितलं की उद्यापासून मागच्या पडवीत बसायचं. फडकी गेली, टोपल्या गेल्या, सोपटं गेली, बायका गेल्या, सगळ्यात शेवटी पाट गेला. मागच्या पडवीतून रस्ता दिसत नाही. केळी दिसतात आणि गोठ्याची भिंत.

मला हवी होती तशी ओटी मला मिळाली. स्वच्छ, कोरडी, निळी. ट्रंकेवर मी बसायचे आणि बर्फाच्या डोंगराकडे बघायचे. मागून बायकांच्या हसण्याचा आवाज यायचा. मी त्यात जाऊन बसू शकले असते. कुणी नको म्हटलं नव्हतं. पण मी गेले असते तर माझी चूक झाली हे सिद्ध झालं असतं, आणि एकवीस वर्षांच्या मुलीला त्यापेक्षा एकटं बसणं सोपं वाटतं. आता मला तिची दया येते. तेव्हाची ती भेटली असती तर आधी एक टपली मारली असती, मग जवळ घेतलं असतं. या क्रमानेच.

मग ताई आली. मी तिला दिवाणावर बसवलं. कडी टोचली असणार, ती जरा सरकली. तिने पडदे बघितले, तिपाई बघितली, शेड बघितली, आणि लहान मुलाने काढलेल्या चित्राला म्हणतात त्या आवाजात म्हणाली की छान केलंयस गं. मग इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, रॉकेल सांडलंय का कुठे?

मी चहा करायला आत गेले. चहा घेऊन आले तर ओटीवर कुणी नाही. हात धुवायला म्हणून ताई मागे गेली होती ती परतलीच नव्हती. ट्रे हातात घेऊन मी मागच्या दारात गेले. ताई पदर खोचून, मांडी घालून जमिनीवर बसली होती. सासूबाई तिला सोपटाच्या दोरीची गाठ शिकवत होत्या, ती दर वेळी चुकत होती, आणि सगळ्याजणी हसत होत्या, तीसुद्धा. तिच्या भारी साडीला चिखल लागला होता.

"ताई, पुढे चल ना," मी म्हटलं. "तिकडे नीट बसता येईल."

"नीट मी रोजच बसते गं," ताई म्हणाली. "सोफ्यावर बसून बोलू कुणाशी? उशांशी? हे ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत दाराची बेल वाजत नाही. मला बसू दे इथे."

दोन दिवस ती तिथेच बसली. मला सगळ्यांसाठी चहाच्या खेपा करायला लागल्या. निघताना तिने मला मिठी मारली, ती कीव करणारी मिठी नव्हती. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं, पण ते माझ्या ओटीने मिळवून दिलं नव्हतं. ज्या गोष्टी मी ताईपासून लपवायला निघाले होते, त्यांच्यातच ती जाऊन बसली होती. ती गेल्यावर मला माझी ओटी बघवेना. मला सगळ्याजणी पुढे परत हव्या होत्या. आणि ते तोंडाने म्हणता येत नव्हतं.

सासूबाईंनी एक रीत ठेवली होती. दर सोमवारी संध्याकाळी मूठभर कळ्या ओल्या फडक्यात बांधून त्या निळ्या भिंतीशी ठेवायच्या आणि मंगळवारी सकाळी फडकं सोडून हुंगायच्या. मी आत कणीक मळायचं नाटक करत कान लावून असायचे.

"अजून होडी आहे," असं म्हणून त्या फडकं झटकायच्या आणि मागे जायच्या.

तीन मंगळवार होडी होती. चौथ्या मंगळवारी मी ठरवलं की आज होडी नसेल. त्या आंघोळीला गेल्या तेवढ्यात मी फडक्यातली फुलं काढून ओच्यात टाकली, मागच्या टोपलीतल्या ताज्या, टपोऱ्या कळ्या मूठभर घेतल्या आणि फडकं होतं तस्सं बांधून ठेवलं. अगदी गाठसुद्धा तशीच. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

सासूबाईंनी फडकं सोडलं. हुंगलं. परत हुंगलं. मग एक कळी उचलून उजेडात धरली.

"या रात्रभर इथे होत्या?"

"हो."

"आणि डोळे मिटूनच बसल्या?"

मी फडक्याकडे बघितलं. संध्याकाळी ठेवलेली कळी सकाळी फुललेली असते. हे कुणी शिकवायला लागत नाही, गजरा माळलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, मला गिरगावातही ठाऊक होतं. पण लबाडी करताना माणसाचं ठाऊक असलेलंही जातं.

"तुझ्या भिंतीला भ्याल्या वाटतं," सासूबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना जे हसू आलं ते आवरेना. भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्या निळ्या भिंतीला त्या पहिल्यांदा टेकल्या, त्या अशा.

मला मात्र रडू फुटलं. एवढ्या दिवसांचं साठलेलं, ट्रंकेसकट, बर्फासकट. रडता रडता म्हणाले की मला एकटीला नाही बसवत इथे, तुम्ही सगळ्या पुढे या.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे आधी म्हणायचं. मोगरा नाय आला तर जास्वंद आली असती. जास्वंदीला कुठे गो वास असतो?"

जास्वंदीच्या कळ्या आमच्याकडे रोज निवडल्या जात होत्या, शेकड्यांनी, पानांत बांधून जात होत्या. माझ्या नाकासमोर. त्यांना ना स्वतःचा वास, ना दुसऱ्याचा घेता येत. हे मला सुचलं नाही. आणि सासूबाईंना सुचलं होतं, पहिल्याच दिवशी सुचलं असणार, पण त्या कुणी बोलावलं नाही म्हणून मागे बसून राहिल्या. रस्ता न दिसणाऱ्या पडवीत, केळींकडे तोंड करून. आमच्या दोघींत हट्टी कोण, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

त्याच दिवशी पाट पुढे आला. त्या उन्हाळ्यात ओटीवर जास्वंद आणि पडवीत मोगरा, अशा दोन बैठका झाल्या, आणि बायका दिवसातून दहादा इकडून तिकडे. मोगरा पुढे आला तो पुढच्या वर्षीच. दिवाणाची परत ट्रंक झाली, तिच्यावर टोपल्या ठेवायला बरी. बर्फाचा डोंगर मात्र सासूबाईंनी काढू दिला नाही. उकाड्यात बघायला बरा वाटतो म्हणाल्या. आणि दोन वर्षांत निळ्यावर काळा सूर्य पुन्हा उगवला.

एवढं सगळं नातसुनेला सांगितलं. रंगारीही ऐकत बसला, त्याची रोजी चालूच होती. तिने विचारलं, मग आता या भिंतीचं काय करायचं? मी म्हटलं, तू ठरव. घर कसं दिसतं ते माझं एकदा बघून झालंय.

निळा पुरता खरवडायचा तर बेताबाहेरचा खर्च होता. तेव्हा रंगाऱ्याने घासून, अस्तर लावून, वर तिने निवडलेला सायीसारखा रंग दिला. बिनवासाचा, तिने फोनवर तीनदा वाचून खात्री केलेला. हल्ली आमच्याकडे फुलं निवडायला दोघीच येतात, तिसरी मी. पलीकडच्या वाडीत आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्या मोगऱ्याचे फोटो काढतात. रंग चालला होता तेवढे दिवस आम्ही तिघी मागच्या पडवीत होतो.

शनिवारी तिचे आईवडील यायचे होते. गुरुवारी संध्याकाळी मी मूठभर कळ्या फडक्यात बांधून भिंतीशी ठेवल्या. शुक्रवारी सकाळी नातसून हातात लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर उभी. मी सावकाश गाठ सोडली. सगळी फुलं उमललेली, पांढरीशुभ्र. हुंगली. मोगरा, आणि मोगऱ्याशिवाय काही नाही.

ती काय करते ते मला बघायचं होतं. मी नाही अशी मान हलवली. "अजून होडी आहे."

तिचा चेहरा पडला. मला क्षणभर माझी ओटी आठवली, तो ट्रे आठवला, आणि आता खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण ती वाकली, तिने फुलं स्वतः हुंगली आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"असू दे होडी," ती म्हणाली. "मोगरा मागे राहू दे. मी जास्वंद आणते."

आणि लॅपटॉप बाकावर ठेवून ती मागच्या दाराशी गेली. त्या दोघींना म्हणाली, मावशी, पुढे या, आई आली की तिलाही तुमच्यातच बसवायचंय. मला जे म्हणायला जवळजवळ महिना लागला होता ते तिने एका दमात म्हणून टाकलं.

मी माझा पाट उचलून जुन्या जागी ठेवला, बसले आणि टेकणार एवढ्यात ती टोपली घेऊन आली. म्हणाली, आजी, चार दिवस टेकू नका, रंग अजून कच्चा आहे आणि तुमच्या डोक्याला तेल आहे.